परत पाठवलेली पेटी

मित्रांनो, मी एक जुनी पेटी आहे. मला कुणी बोलवत नाही, मागवतात. घरात माणूस गेलं की परगावचे नातेवाईक पोहोचेपर्यंत त्याला माझ्या काचेखाली थंड ठेवतात. तंजावुरात मला बर्फपेटी म्हणतात. माझ्यात बर्फ कधीच नव्हता, पण माझं ऐकतो कोण?

माझा जन्म कोइमतूरच्या कारखान्यात झाला. माझे भाऊबंद आइस्क्रीमच्या दुकानांत लागले, त्यांच्याभोवती तुमच्यासारखी मुलं असतात. माझ्याभोवती रडारड, नाहीतर भांडणं. एका जावयानं माझ्या काचेवर कॉफीचा पेला लवंडला आणि वर मीच गळते म्हणून तक्रार केली. आजवर कौतुक एवढंच झालं, "फार आवाज करत नाही हो." लोकांना मी आवडत नाही, मलाही लोक आवडत नाहीत.

तरी एका घराचं सांगते.

सांबशिवराव तर्कशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. डॉक्टरांनी हृदयाची झडप लवकर बदलायला सांगितली होती आणि ते ऐकत नव्हते. त्या सकाळी ते तिरुवैयारूला गेले होते. मागाहून कुंभकोणमच्या भाच्याचा, रघुरामचा फोन आला. "मामा कोट?" म्हणजे कुठे आहेत. फोन घेतला नातीनं, कीर्तनानं. ती चेन्नईत वाढलेली. मराठी कळतं सगळं, बोलता येतं थोडं. सर्दीनं नाक ओढत म्हणाली, "आजोबा गेले."

इथल्या मराठी घरांत जित्या माणसाला कुणी नुसतं 'गेले' म्हणत नाही. 'जाऊन येतील' म्हणतात. रघुरामनं पुढे काही विचारलं नाही. त्यानं मला पाठवलं.

माझ्या टेम्पोवाल्या भीमसेननं मला दिवाणखान्यात ठेवून वायर जोडली. कानात गाणी लावून बसलेल्या कीर्तनाला वाटलं, फ्रिज आला. तेवढ्यात तिची आजी, अंबुजाबाई, परसातून आल्या.

"कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"मामी, सांबशिवरावांचंच नाव सांगितलंय," भीमसेन खाली बघत म्हणाला.

बाई भिंतीला धरून खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या दाराकडे बघत राहिल्या. आणि त्याच दारातून सांबशिवराव आत आले, हातात अशोका हलव्याचा पुडा.

घोटाळा कळल्यावर ते पोट धरून हसले. बाई नाही हसल्या.

"हसा. माझे पाय गेले होते इथं."

"अगं, पत्रा आणि काच ही. जो उरणारच नाही, त्याला दुखणार काय? मग भ्यायचं कुणी?"

"मी उरणार आहे. तुमच्या त्या शास्त्रात मी कुठं बसते?"

"भीती हा जनावराचा स्वभाव, अंबुजा. माणसानं विचार करावा."

आणि विचार दाखवायला त्यांनी माझं झाकण उचललं, तळहात आतल्या पत्र्यावर टेकवला. हात आपोआप मागे उडाला.

"गार आहे म्हणून," ते म्हणाले.

"आता ठाऊक झालं ना गार आहे ते? मग ठेवा परत."

मित्रांनो, त्यांनी ठेवला नाही. हात धोतराला पुसत राहिले. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. मोठा आला होता मला पत्रा म्हणणारा.

मग खालच्या आवाजात म्हणाले, "तिथं ऑपरेशनला झोपवतात गं. उठवायला विसरले तर?"

"दाराशी बसते मी. विसरू देणार नाही," बाई म्हणाल्या. मग उठून हलव्याचा पुडा काढून घेतला. "हा तुम्हाला नाही. कीर्तना, डॉक्टरांना फोन लाव. आणि बोलायचं मी. तू नको."

मला रिकामीच टेम्पोत चढवलं. भीमसेन गाणं म्हणत निघाला होता.

मित्रांनो, भीती शहाणी की वेडी, हे मला सांगता येत नाही. माझ्यात झोपलेल्यांपैकी कुणी हात मागे घेतलेला मी पाहिला नाही, एवढं ठाऊक आहे. घरात कुणी घाबरलं तर त्याला शिकवत बसू नका, जवळ बसा. माझा मात्र खुशाल राग करा, दारातूनच हाकला.

सांबशिवरावांचं पुढे काय झालं, मला ठाऊक नाही. त्या घरातून अजून मला कुणी मागवलेलं नाही.