गाडीतच रिकामी करून या

पेनाच्या टोपणाएवढी पितळेची गोळी तळहातावरच्या घामात हळूच लवंडली आणि एल्डन टॅकेटनं श्वास रोखला, जणू ती तेवढ्यावरच उडणार होती. नाही उडाली. त्यानं ती दोन बोटांत धरली, रिव्हॉल्वरच्या चक्रातल्या भोकाजवळ नेली, परत मागे घेतली, गाडीच्या काचेतून बाहेर पाहिलं… रॉइस अजून कॉफीच्या टपरीपुढच्या रांगेतच होता, पाठमोरा, दोन्ही हात खिशात, नेहमीप्रमाणे पुढच्या माणसाला काहीतरी पटवून देत. म्हणजे वेळ होता. ‘बुटाची नाडी बांधतो, तू हो पुढे’ असं सांगून एल्डन मेहुण्याच्या पिकअपमध्ये मागे राहिला होता, आणि नाडी बांधायला माणसाला किती वेळ लागावा यालाही मर्यादा असते. एक गोळी गेली. दुसरी गेली. तिसरी सीटखाली घरंगळली, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांत डोकं घालून तो ती शोधत राहिला, आणि मनात म्हणाला, देवा, हे मी काय चालवलंय?

चालवलं होतं ते असं, की दारावर रिकामी करून दाखवता यावी म्हणून तो बंदूक भरत होता.

दरवर्षी मार्चमध्ये तालुक्याच्या जत्रेच्या मैदानावर बंदुकांचा बाजार भरे, आणि दाराशीच टेबल मांडलेलं असे. आपापली बंदूक घेऊन आलेल्यानं ती तिथे बाहेर काढायची, सगळ्यांदेखत गोळ्या कागदी पेल्यात ओतायच्या, मग टेबलामागचा माणूस बंदुकीतून नायलॉनची पट्टी ओवून करकचून बांधणार, की चाप ओढला तरी काही होणार नाही. मग खुशाल आत जा, हजार बंदुकांमध्ये. एल्डनला हा नियम फार शहाणपणाचा वाटे. साऱ्या केंटकीत ही एकच जागा, जिथे शेजारच्याच्या कमरेला काय आहे याची काळजी नाही… पण गोळ्या पेल्यात पडतानाचा तो आवाज! ज्याचा पेला जास्त खणखणला त्याची छाती तेवढी पुढे. आणि ज्याचा पेला वाजलाच नाही, त्याचं काय? आजवर तो ‘घरीच राहिली बुवा’ म्हणून वेळ मारून नेत आला होता. आज रॉइसनं घरून निघतानाच त्याच्या कमरेवर थाप मारून खात्री करून घेतली होती.

कारण एल्डनची बंदूक रिकामी होती. आज नव्हे, कायमचीच. शाळेची बस चालवणं सोडलं त्या वर्षी बायकोनं, नोरीननं, ती त्याला भेट दिली—सगळ्या निवृत्त नवऱ्यांकडे असते म्हणून—आणि पहिल्या रविवारी ती भरून, कमरेला लावून तो चर्चमध्ये बसला, तर प्रार्थनेत लक्षच लागेना. कमरेशी कुणीतरी जागं बसलंय असं वाटत राहिलं. उठताना लागली तर? कुणी मिठी मारली तर? दुपारी न्हाणीघरात कडी लावून त्यानं पाचही गोळ्या काढल्या, कोंबडी चवीनं खाल्ली आणि गाढ झोपला. पुन्हा कधी भरली नाही. यात कुणाचं काय बिघडत होतं? काहीच नाही… पण मग रॉइसनं चर्चचं रक्षकदल काढलं. चौघेजण, दर रविवारी, चार बाकांवर, सशस्त्र. नोरीनचा भाऊ, त्याला नाही कसं म्हणणार? एल्डनला दाराजवळचं मागचं बाक मिळालं. तेव्हापासून पाद्रीसाहेबांची बायको नाताळला त्याला खोबऱ्याचा केक पाठवते, ‘तुम्ही मागे आहात म्हणून मी डोळे मिटून गाते’ असं म्हणते, आणि तो केक त्याच्या घशाखाली उतरता उतरत नाही. एकदा एक परका माणूस उशिरा आला, कोटाच्या आत हात घालून उभा राहिला. एल्डनचा हात कमरेला गेला. आता काय करायचं, फेकून मारायची? त्या माणसानं रुमाल काढला आणि शिंकला. ‘देव भलं करो,’ असं एल्डन त्याला म्हणाला, आणि इतक्या मनापासून तो आयुष्यात कधी बोलला नसेल.

पाचवी गोळी बसली. चक्र मिटलं. गाडीतून उतरून, दार लोटून तो टपरीकडे निघाला तो असा, की त्याच्यापुढे पाठीला उसण भरलेला माणूसही ऐटबाज वाटावा.

“नाडी बांधत होतास की बूट शिवत होतास?” रॉइसनं कॉफीचा पेला त्याच्या हातात कोंबला आणि ते थेट दाराच्या रांगेत लागले. रॉइस पुढे, एल्डन मागे.

रांग आज भलतीच भराभर सरकत होती. पेले खणखणत नव्हते. एल्डननं मान उंचावून पाहिलं. टेबलावर पेलेच नव्हते. भिंतीवर नवा फलक होता, लाल अक्षरांत: ‘भरलेली बंदूक टेबलावर आणू नये. गाडीतच रिकामी करून या. भरलेली सापडल्यास वर्षभर प्रवेश बंद.’

“हे… हे कधीपासून?”

“यंदापासून. गेल्या साली त्या येड्यानं टेबलावर रिकामी करताना शेजारी शेंगा उकडत होत्या त्या पातेल्यात गोळी नाही का घातली? उकळतं पाणी निम्म्या रांगेवर! पेपरात छापून आलंय की सगळं. तू पेपरात बघतोस काय, नुसती शब्दकोडी?”

परत जायला हवं. आत्ता.

“रॉइस, मी आलोच हं. गाडीत चष्मा राहिला.”

“नाकावर आहे.”

“दुसरा… वाचायचा.”

“बंदुका काय वाचायच्यात? सरक पुढे.”

आणि मागचे सरकलेच. टेबलापाशी डेप्युटी टेसा कॉम्ब्स होती, शेरिफच्या गणवेशात. लहानपणी एल्डनच्या बसमध्ये तिसऱ्या बाकावर बसून रोज उलटी करणारी पोर. रॉइसनं आपलं जाडजूड पिस्तूल वाळूच्या बादलीकडे तोंड करून ठेवलं. “बघून घे पोरी. गाडीतच रिकामं केलंय. नियम म्हणजे नियम.” टेसानं पाहिलं, पट्टी ओवली, मान हलवली.

“या टॅकेटकाका! तुमचं काय बघायचं म्हणा, तुम्ही तर—” तिनं हसत चक्र उघडलं. हसू तसंच राहिलं, डोळे मात्र बदलले. पाच.

रांगेतले मागचे वाकून पाहू लागले.

“काका?” तिचा आवाज अगदी तिसऱ्या बाकावरचा झाला. “तुम्ही? बस चालू असताना आम्हाला दप्तरातून पेन्सिल काढू द्यायचा नाहीत तुम्ही! टोक लागेल म्हणून!”

काय सांगणार? पोरी, ही आयुष्यभर रिकामीच होती, फक्त मघाशी, त्या टपरीकडे बघत… जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटलं. पण जमीन काँक्रीटची होती.

आणि तेवढ्यात रॉइस गरजला. रागानं नव्हे. अभिमानानं!

“पाहिलंत? माझा मेहुणा! नियम गेला चुलीत, भरलेली ती भरलेलीच! मी सांगत होतो ना, वरून गाय दिसतो, पण आतून वाघ आहे वाघ!”

कुणीतरी शीळ घातली. कुणी पाठीवर थाप मारली. एल्डनला लाज वाटली आणि—हे त्यानं स्वतःशीसुद्धा पुरतं कबूल केलं नाही—थोडं बरंही वाटलं.

टेसा त्याला गाडीपर्यंत घेऊन गेली, स्वतःच्या हातानं गोळ्या काढून त्याच्या मुठीत दिल्या. “वर्षभर यायचं नाही, काका. मला वाईट वाटतंय, पण नियम आहे.” त्यालाही वाईट वाटत होतं. तिला सांगावंसं वाटत होतं की नियम बरोबर आहे, अगदी बरोबर, तुझ्यापेक्षा मला तो जास्त पटतो. ती गेली. तो बसून राहिला.

पुष्कळ वेळानं रॉइस आला, हॅम घातलेले दोन गरम पाव घेऊन, तोंड भरलेलं.

“सगळ्या मैदानात तुझंच नाव आहे. पाद्रीसाहेबांना फोन केला मी. उद्यापासून तू मागे नाही बसायचं. पुढे, व्यासपीठाशेजारी! तुझ्यासारखा माणूस मागे कशाला वाया घालवायचा?”

पुढे. सगळ्यांसमोर. पाद्रीणबाई त्याच्याकडे बघून डोळे मिटणार… पाव त्याच्या हातात गार होत चालला. सांगून टाकावं. आत्ताच सांगून टाकावं. म्हणावं, रॉइस, तू तुझी गाडीत रिकामी केलीस तशी मी माझी गाडीत—

गाडीत?

घरून निघाल्यापासून रॉइसचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते. गाडी थांबताच तो उतरला. टपरी, टपरीवरून रांग. गाडीत तर मी होतो.

“रॉइस,” एल्डन म्हणाला, “तू तुझी कधी रिकामी केलीस?”

रॉइसचा जबडा हलायचा थांबला.

“गाडीत.”

“गाडीत मी होतो.”

रॉइसनं घास गिळला. मग समोरच्या काचेकडे बघत, काही कारण नसताना, त्यानं हीटर लावला. त्याचे कान लाल झाले होते, आणि इतक्या वर्षांत या माणसाचे कान कधी पाहिलेच नव्हते असं एल्डनला वाटलं. हीटर घुरघुरत राहिला.

एल्डनला हसू आलं, पोटातून, आवरेना. त्याच्या मागोमाग गार विचार आला—उरलेले दोघे? त्यांच्याही रिकाम्याच?—आणि उद्या सकाळी चर्चभर डोळे मिटून गाणारी ती सगळी माणसं, आणि चार बाकांवर आम्ही चौघे… आपल्याला भीती वाटतेय, की आयुष्यात आजवर कधी वाटलं नव्हतं इतकं सुरक्षित वाटतंय, हेच त्याला कळेना.