बरोबर उत्तरं

प्रवेश परीक्षेचा पहिला पेपर सुरू व्हायच्या आधीच केंद्राच्या जिन्यावर ठरलं होतं. साहेबने ठरवलं होतं. साहेब म्हणजे बुटकीच्या कॉलेजातल्या वर्गातला मुलगा. बाप कुठल्याशा कारखान्यात मोठा अधिकारी आणि पोरगाही बापासारखाच खिशात हात घालून चालायचा, म्हणून हे नाव पडलेलं.

"रसायन झालं की मुकी उत्तरं विचारायला येणार," तो म्हणाला. "मी जे सांगेन त्याला तुम्ही दोघांनी फक्त हो म्हणायचं. दुपारी गणित आहे. बघू मग कशी पहिली येते ते."

जाड्या फिदीफिदी हसला. बुटकी हसली नाही, पण नाहीही म्हणाली नाही.

बुटकी आणि मुकी पाचवीपासून एका बाकावर बसत आलेल्या. मुकीला बोलता यायचं, पण मोकळेपणी ती बोलायची फक्त बुटकीशी. तिची आई रुग्णालयाच्या धुलाईखान्यात कामाला होती आणि पोरगी तिथल्याच चादरींच्या ढिगाआड बसून अभ्यास करायची. तरी दर परीक्षेत पहिली. बुटकी दुसरी, फार तर तिसरी. गेल्या वर्षी रसायनाच्या मॅडमनी भर वर्गात मुकीची वही बुटकीच्या वहीशेजारी ठेवली होती. "दोन्हींकडे नीट बघ," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. बुटकीने नीट बघितलं होतं. तेव्हापासून मुकीने हाक मारली की तिच्या कपाळावर आठी यायची. मुकीला ती कधी दिसली नाही.

बारा वाजता पेपर सुटला. मोबाइल, पुस्तकं, पिशव्या सगळं फाटकावर जमा होतं, म्हणजे उत्तर बघायची सोय कुणालाच नव्हती. परक्या शाळेच्या आवारात तिघं पाण्याच्या टाकीजवळ उभी राहिली. मुकी जवळजवळ पळतच आली. चेहरा असा फुललेला की बुटकीला तो बघवेना.

"छान गेला गं! तुला कसा गेला? सगळ्यांत तीव्र आम्ल कुठलं लिहिलंस?"

"हायड्रोफ्लोरिक," साहेब मध्येच म्हणाला. "सोप्पा होता."

मुकी थबकली. "हायड्रोआयोडिक ना?"

"फ्लोरीन इलेक्ट्रॉन सगळ्यांत जोरात ओढतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग तीव्र कोण?"

"मी पण तेच लिहिलं," जाड्या म्हणाला.

"बरं, आणि तो ऑक्सिजनचा?" मुकीचा आवाज खाली आला. "ओएफ-टू मध्ये ऑक्सिजन अधिक दोन..."

"अधिक?" साहेबने जाड्याकडे बघून भुवया उडवल्या. "ऑक्सिजन अधिक! तो कायम उणे असतो. अगं, तू पेपर देत होतीस की गंमत करत होतीस?"

दोघं पोट धरून हसले. पलीकडच्या अनोळखी मुली वळून बघायला लागल्या. मुकीने आणखी तीन प्रश्न विचारले आणि तिन्ही वेळा साहेबचं उत्तर वेगळं निघालं तसं तिचं तोंड आणखी उतरत गेलं. चुकलेल्या उत्तराला गुण कापले जाणार होते. ती बोटांवर मोजू लागली, मोजता मोजता चुकली, पुन्हा मोजू लागली. मग तिने बुटकीचा हात धरला आणि तिला टाकीच्या मागे नेलं.

"तू सांग. ते चेष्टा करतायत ना? तू सांगितलंस तर मी मानेन."

बुटकीने स्वतः हायड्रोआयोडिकच लिहिलं होतं, ऑक्सिजनही अधिक दोनच. ती अगदी मायेने म्हणाली, "चेष्टा कशाला करतील? माझंही तेच उत्तर आहे. जाऊ दे गं, होतं असं कधी कधी."

मुकीने तिचा हात सोडला. तशीच स्वच्छतागृहाकडे गेली आणि आतून कडी लावून घेतली.

दोन वाजायला दहा कमी असताना पहिली घंटा झाली. बुटकी दाराबाहेर उभी होती. आतून ओकारीचा आवाज येत होता.

"चल, घंटा झाली."

"तू जा."

"अगं, गणित तरी दे."

"उपयोग काय? आईला काय सांगू मी?"

एक वाक्य पुरलं असतं. ते बुटकीच्या जिभेवरही आलं होतं. पण त्याबरोबर हेही मनात आलं, की मुकी नसली तर कॉलेजातून पहिली कोण? तिने वाक्य गिळलं, ओढणी सारखी केली आणि वर्गात जाऊन बसली. पुढचं मुकीचं बाक शेवटपर्यंत रिकामं राहिलं. पर्यवेक्षकाने त्यावरची कोरी उत्तरपत्रिका उचलून नेली, तेव्हाही तिचा हात थांबला नाही. तिचं गणित सुरेख गेलं.

निकाल लागला. रसायनात मुकीला शंभरातले अठ्ठ्याण्णव होते. अख्ख्या केंद्रात तेवढे कुणालाच नव्हते. गणितासमोर लिहिलं होतं, गैरहजर. कॉलेजातून पहिली आली बुटकी. तिला हव्या त्या शाखेत जागा मिळाली. साहेबचा कुठेच नंबर लागला नाही, जाड्याचाही नाही.

घरी आईने फारच लावून धरलं म्हणून बुटकी एकदा धुलाईखान्यात मुकीला भेटायला गेली. वाफेने खिडक्या पांढऱ्या झाल्या होत्या. मुकी आता तिथेच कामाला लागली होती. तिने चादरीची दोन टोकं बुटकीच्या हातात दिली आणि दोघी घडी घालू लागल्या.

"एक विचारू?" मुकी म्हणाली. "तुला खरंच तसंच वाटलं होतं ना?"

"खरंच," बुटकी म्हणाली. "माझे गुण नाहीत का कमी? मीही चुकलेच की."

बुटकीला रसायनात ब्याण्णव होते. कमी झालेले गुण भलत्याच प्रश्नांचे होते, पण ते मुकीला कळायला मार्ग नव्हता. तिचा जीव भांड्यात पडलेला स्पष्ट दिसला.

"मॅडम आल्या होत्या घरी. म्हणाल्या, त्यांनी मुद्दाम केलं असणार, तिघांनीही. मी भांडले त्यांच्याशी. म्हटलं, त्या दोघांचं सोडा, ही तसं करणार नाही." तिने घडी हाताने दाबून सपाट केली. "मॅडम रागावून गेल्या. आता येत नाहीत. पुढच्या वर्षी मी पुन्हा बसणार आहे. रविवारी येशील का गं अभ्यासाला? एकटीला सुचत नाही. स्वतःचं बरोबर आलं तरी भरवसाच वाटत नाही आता."

"येईन ना," बुटकी म्हणाली. "न यायला काय झालं?"

मुकीने पुढची चादर उचलली. बुटकीने घड्याळाकडे बघितलं, उशीर झाल्याचं सांगितलं आणि निघाली.

पहिल्या रविवारी तिने डोकं दुखतंय असा निरोप धाडला. दुसऱ्या रविवारी निरोपही धाडला नाही.