पाठीवरचे सूर्य

चष्मेवाल्याने शाळेच्या फाटकातच गाडी टाकली आणि मैदानाकडे धाव घेतली. चौथीची मुलं रांगेत उभी होती. प्रत्येकाच्या हातात एक्सरेच्या काळ्या फिल्मचा तुकडा. कुणाच्या तुकड्यात बरगडी, कुणाच्यात गुडघा. दुपार कलली होती. ग्रहण आता लागणारच होतं.

"माना खाली, डोळे बुटांवर," तो धापा टाकत म्हणाला. "ताई, आधी ते तुकडे गोळा कर."

ताई त्याची थोरली बहीण, या वर्गाची बाई. तिला काही उमजेना. ही युक्ती तर त्याच्याच ग्रुपवर आली होती. आकाश बघणाऱ्यांचा तो ग्रुप चष्मेवालाच चालवायचा. काल एक्सरेकाकांनी तिथे लिहिलं, फिल्ममधून ग्रहण खुशाल बघा. जन्मभर एक्सरे काढलेला माणूस. लोकांनी डोळे मिटून विश्वास ठेवला. चष्मेवाल्याने खाली, त्याच मजकुराला जोडून, सविस्तर उत्तर दिलं: फिल्म झगझगाट अडवते, पण न दिसणारे किरण आरपार जातात, डोळ्याचा पडदा भाजतो आणि दुखतही नाही. मग त्याला वाटलं, लोक वरचं वाचतात, खालपर्यंत जातं कोण? विषाची परीक्षा नको, म्हणून त्याने काकांचा मजकूरच उडवला. त्याच्यासोबत आपलं उत्तरही गेलं, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

ताईने मात्र ते उत्तर यायच्या आधीच काकांचा मजकूर वाचून त्यांच्याकडे फिल्म मागितल्या होत्या. हे त्याला घटकेपूर्वीच, तिने पाठवलेल्या मुलांच्या फोटोवरून कळलं होतं.

"तू ग्रुपवरून पुसलंस रे," ती हळू आवाजात म्हणाली. "माझ्या डोक्यातून कसं पुसणार होतास?"

काका तिथेच होते, पांढऱ्याशुभ्र शर्टात, हातात कात्री. त्यांचा चेहरा उतरला.

"मला वाटलं, नेट गंडलं. आज पुन्हा टाकणार होतो," ते म्हणाले. "चुकलो तर चारचौघांत सांगायचं होतंत, चष्मेवाले. मी काय रुसून बसलो असतो?"

"तुमचं लिहिलेलं पुन्हा टाका," चष्मेवाला म्हणाला. "राहू दे. फक्त माझं उत्तर त्याच्या डोक्यावर बसेल."

"बसू दे." काका मुलांकडे वळले. "पोरांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. का चुकलं, ते हे सांगतील."

चष्मेवाल्याने सांगितलं. मुलांनी निमूट ऐकलं, पण तोंडं एवढीएवढीशी झाली. मग ग्रहण बघायचंच नाही का, असं एकीने विचारलं. तोवर उन्हाचा रंग उतरला होता, सावल्यांच्या कडा विचित्र धारदार झाल्या होत्या.

त्याने सगळ्यांना सूर्याकडे पाठ करायला लावली. दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर आडवी-उभी धरून खांद्याच्या वर न्यायची, मधे अगदी बारीक फटी ठेवायच्या. फटींतून येणारं ऊन झेलायला पडदा हवा होता. काका न सांगताच पुढे जाऊन पाठमोरे उभे राहिले.

पांढऱ्या शर्टावर आधी नुसती सावल्यांची जाळी पडली. मग फटीफटीतून, खांद्यापासून कमरेपर्यंत, चावा घेतलेले इवलेसे सूर्य उमटले. एकाच बाजूने खाल्लेले, शेकड्यांनी. ताईचा हात नकळत तोंडावर गेला.

"दिसतात का रे?" काकांनी विचारलं. त्यांना एकही दिसत नव्हता.

उत्तर आलं नाही. त्या शांततेवरूनच काय ते ओळखून, सूर्य हलू नयेत म्हणून, त्यांनी श्वास रोखून धरला.