नकाशावरचा लॅडी

आमच्या लॅडीने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, गॅरेजमध्ये विमान बांधायला घेतलं तेव्हाच मी त्याला बजावलं होतं, "यात बसून मेलास तर तुझ्या मयताला मी येणार नाही." म्हणून त्याने विमानात हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी लोक वापरतात त्या बिनतारी यंत्राचा, एक डबा बसवला. तो डबा आपला ठावठिकाणा हवेत सांगत राहतो, आणि घरच्या कॉम्प्युटरवर नकाशात ठिपका सरकतो. "बघत बस," म्हणाला. बघणारच! तुला काय मोकाट सोडू?

त्या शनिवारी तो ऑर्ड गावच्या धावपट्टीवर पॅनकेक खायला गेला होता. नेब्रास्कातले हे विमानवेडे म्हातारे पॅनकेकसाठी कुठेही उडतात. परतताना ठिपका लूप नदीवर आला, आणि बघते तर आमच्या गावच्या धावपट्टीवर. आला बाई एकदाचा! मी उठून कोबी शिजायला टाकला. मधेमधे डोकावत होते. ठिपका हँगरपाशीच, विमानं ठेवायच्या शेडजवळ. गप्पा छाटत असणार मेला.

कोबीचा पार गाळ झाला तेव्हा माझं डोकं फिरलं. लॅडीचा फोन लागेना, म्हणून हँगरवरच्या त्याच्या दोस्ताला, मर्लला, लावला. "त्याला घरी हाकल. जेवण काय कुत्र्याला घालू?"

"लॅडी कुठे आलाय अजून? मला वाटलं, तिकडेच पॅनकेकवर ताव मारतोय."

"काहीतरी बरळू नकोस. मला ठिपका दिसतोय, तुझ्या शेजारी!"

मर्ल हळूच म्हणाला, "अर्लीन, माझ्या शेजारी त्याचा पिकअप आहे. बॅटरी उतरली होती, म्हणून मघाशी मीच चालू करून ठेवला. त्यातही तसलाच डबा आहे."

तेव्हा मला उलगडा झाला. प्रत्येक डब्याला वेगळा नंबर द्यावा लागतो. या शहाण्याने पिकअपच्या डब्यातलं सगळं जसंच्या तसं विमानाच्या डब्यात उतरवलं आणि नंबर बदलायचा विसरला, म्हणून नकाशाला दोन्ही डबे एकच वाटत होते. तो उडत असताना पिकअप एरवी बंद उभा असायचा, म्हणून कधी कळलंच नाही. नदीवरून हँगरपर्यंत ठिपक्याने एका क्षणात उडी मारली होती. मी ती माझ्या डोळ्यांनी बघितली होती!

मी कॉम्प्युटरवर मागचे ठिपके उघडून बघितले. नदीवरच्या शेवटच्या ठिपक्याशी लिहिलेली विमानाची उंची जेमतेम झाडांच्या शेंड्याइतकी होती.

मला घरून घेऊन मर्लने गाडी पिटाळली. नदीकाठच्या मक्यात विमान उलटं पडलं होतं, आणि पंखाच्या सावलीत लॅडी. पाय भलताच वाकलेला, ओठ पांढरेफटक. जिवंत! मी एकदमच रडायला आणि शिव्या द्यायला लागले.

त्याने माझा हात धरला. "इंजिन बंद पडलं. पण मी घाबरलो नाही बघ. म्हटलं, अर्लीन नकाशासमोर बसलीय, ती निघालीच असेल." मग जरा थांबून म्हणाला, "फार लांब पडलं का गं?"

मर्लने तोंड उघडलं. मी त्याच्या पायावर पाय दिला.

"रस्ता खराब होता," मी म्हणाले. माझ्या हाताला अजून कोबीचा वास येत होता.