पट्ट्याला काज

“आहेस का रे?” शिवणयंत्रावरचा पाय न थांबवता ताईने हाक दिली.

आतून ओ आली नाही. सुई कापडातच सोडून ती धावली. धाकटा भाऊ पलंगावर पेपर वाचत होता.

“ओ द्यायला काय झालं? तोंडचं पाणी पळालं माझ्या!”

“अगं, आता साहेब मोजतात की श्वास.” त्याने पोटावरचा पट्टा थोपटला.

बांधकामाच्या परांचीवरून पडून त्याची पाठ मोडली, आणि दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या कायमच्या चिकटल्या. त्या जास्त होऊन दोनदा श्वास थांबला. दोन्ही वेळा ताईनेच तोंडाने त्याच्या छातीत हवा भरली. तेव्हापासून तीन वर्षं दर पाच मिनिटांनी तिची हाक, त्याची ओ. मग नर्सबाईंनी हा पट्टा बांधला. श्वास मंदावला की त्यातली सुई आपोआप टोचून उतारा देते.

“सवतच आणली की तुमच्यावर!” नर्सबाई हसल्या होत्या. ताई हसली नव्हती. भाऊ आंघोळीनंतर साहेबांना हलक्या हाताने पुसायचा, ते बघून तिच्या पोटात दुखायचं. पट्ट्याखाली कातडी सोलवटली, तेव्हा तिने आतून फलालीनचं अस्तर शिवून दिलं.

दुपारी नर्सबाई आल्या. पट्टा उलटताच त्यांचा चेहरा उतरला.

“हे कधी लावलं?”

“चार दिवस झाले,” भाऊ म्हणाला.

“मध्ये कापड आलं की याला श्वास कळत नाही, सुई पोचत नाही. हा बघा, हिरवा दिवाही बंद. चार दिवस नुसता शोभेला बांधलात!”

“ताईला कुठं ठाऊक, सिस्टर? तिने आपलं मायेने...”

“ठाऊक होतं,” ताई म्हणाली. “यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.”



“म्हणून हाका मारत होतीस,” भाऊ हळूच म्हणाला. “आणि मी ओ देत नव्हतो.”

“उसवून टाका ते,” नर्सबाई म्हणाल्या.

“कातडी पुन्हा सोलवटेल. काज करते. किती मोकळं हवं?”

“दोन बोटं.”

तिने खडूने खूण केली, कापड कापलं, आणि एकही धागा सुईच्या वाटेत येऊ नये म्हणून कडेने दाट टाके घातले. नर्सबाईंनी दोनदा बोट फिरवून पाहिलं. पट्टा बांधला. दिवा लागला.

ताई यंत्रावर बसली. पाच मिनिटांनी पाय आपसूक मंदावला. उघड्या दारातून भावाच्या सदऱ्याखाली हिरवा ठिपका श्वासागणिक उजळताना, विझताना दिसत होता. ओठांवर आलेली हाक तिने गिळली आणि दाताने दोरा तोडला.