खारट सावली

मित्रांनो, मी एक जुनं जाळं आहे, पण सध्या माशांशी माझा काही संबंध नाही. पाली गावामागच्या उतारावर मी कॉफीच्या रोपांवर सावली धरून आहे. हसू नका, सांगतो सगळं.

लीलाधर नाखवा आणि त्यांची बायको शांताबाई यांनी अंगणात बसून मला विणलं. बावीस वर्षं मी दर्यात उतरलो. बोंबील, मांदेली, करदी, सगळी माझ्या पोटात आली. "असं जालं गावात न्हाय," नाखवा चारचौघांत सांगायचे आणि मी ओलाचिंब असूनही फुगायचो. पुढे शांताबाई वारल्या, नाखवांचे गुडघे गेले, होडी विकली. मला मात्र त्यांनी न धुता पडवीत टांगलं. रोज संध्याकाळी ते माझ्यात नाक खुपसायचे. तेवढाच दर्या त्यांच्यापाशी उरला होता.

मग सून हेमालीनं उतारावर काजूची कलमं लावली. मधे चाळीस रोपं कॉफी, ओळींत तूर आणि वाल. "तूर-वाल जमिनीला खत देतात, बाबा. काजू वाढले की कॉफीला सावली," ती म्हणायची. पण काजू लहान, तूर अजून वीतभर होती आणि कोवळ्या कॉफीला ऊन सोसेना. नाखवांनी मन घट्ट केलं आणि मला चार पदरी करून बांबूंवर पसरलं. अट एकच. "धुवाचा न्हाय. त्यात दर्या हाय."

पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या. पहाटे माझ्यावर दव पडायचं, अंगातलं मीठ विरघळायचं आणि थेंबाथेंबानं खाली गळायचं. मी आपला सावली देतोय म्हणून खुशीत, आणि माझ्यामुळेच रोपं मरत होती. फार लाज वाटली मला. हेमालीला कळलं होतं, पण सासऱ्यांना सांगणार कशी? ती गुपचूप एकेक पान ओल्या फडक्यानं पुसायची.

नाखवांनी ते पाहिलं. एक करपलेलं पान तोडून जिभेवर ठेवलं. मग मला उतरवून विहिरीवर नेलं आणि सात वेळा पाणी बदलून स्वतः धुतलं. दर वेळी मला हुंगायचे. सातव्या पाण्याला वास गेला.

"गेला दर्या," ते म्हणाले. "बांध आता, सूनबाई."

हेमाली रडली. मलाही रडू आलं.

आता तिसरं वर्ष. चौतीस रोपं वाचली. काजूची सावली पडू लागली, तरी मी इथेच आहे, अंगावर वालाचे वेल घेऊन. दुपारी खाली उजेडाचे ठिपके पळतात. डोळा लागता लागता मला ती मांदेलीच वाटतात. मी धरत नाही, पळू देतो.

मित्रांनो, आमच्यातली कितीतरी फाटकी जाळी खाडीत फेकली जातात आणि तिथे उगाचच मासे मारत राहतात. आम्हाला घरी आणा, नीट धुवा, कामाला लावा.

आज सकाळी पहिल्यांदाच कॉफी पांढरीशुभ्र फुलली आणि मोगऱ्यासारखा दरवळ सुटला. नाखवा आले. जुन्या सवयीनं माझी कड नाकाशी नेली आणि तशीच धरून राहिले.

"सूनबाई, इकडं ये," त्यांनी हाक मारली. "जाल्याला वास आलाय."