रायफल येर्करकडे, काडतुसं टीराकडे

शनिवारी सकाळी दहा वाजता नेमबाजीच्या मैदानावर टीराच्या रायफलीचा बोल्ट, काडतुसामागे बंद होणारा दांडा, मिटेना. आत घातलेलं काडतूस तिच्या वडिलांनी, यालमार यांनी, घरी भरलेलं होतं. यालमार ईस्टरच्या आठवड्यात गेले. सोमवारी मूसची, त्या थोराड शिंगांच्या हरणाची, शिकार सुरू होणार होती.

"जोर लावू नकोस," आमच्या शिकारी तुकडीचा म्होरक्या सिक्स्तेन म्हणाला. "काढ ते बाहेर."

"माप तर तेच आहे."

"माप तेच गं. पण म्हातारा फक्त गळा आवळायचा. विसरलीस?"

बार उडाला की काडतुसाची पितळी पुंगळी फुगते आणि त्या रायफलीच्या पोकळीचा आकार घेते. बाकीचे लोक ती पुन्हा भरताना सगळीच मूळ मापात दाबून घेतात. यालमार फक्त गोळी बसते तो गळा आवळत, पुंगळीच्या बाकी अंगाला हात लावत नसत. त्यांचा नेम चुकत नसे, पण ती काडतुसं त्यांच्याच रायफलीत जात. वाटणीत ती रायफल टीराच्या धाकट्या भावाकडे, येर्करकडे गेली. टीराने रागाने काडतुसांचा शेवटचा डबा उचलला होता. "बंदूक घे. तिला जेवू मात्र मी घालणार नाही." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

गेलेल्या माणसाचं ठाणं, म्हणजे शिकारीत दबा धरून बसायची जागा, आम्ही एक हंगाम त्याच्या घरच्यांना देतो. पुढच्या वर्षी चिठ्ठ्या टाकतो. यालमार यांचं ठाणं तळ्याकाठी होतं. तिथून, त्यांच्या हातच्या काडतुसाने एक मूस पाडायचा, एवढंच टीराला हवं होतं. ते याच वर्षी जमणार होतं.

यालमार यांचं काडतुसं भरायचं तळघर आम्हा सगळ्यांना पाठ होतं. ते लांब, बोथट नाकाची जड गोळी निवडत. आम्ही हलक्या, वेगवान तांब्याच्या गोळ्यांचं कौतुक करायला लागलो की म्हणत, "घाई तुम्हाला आहे. मूसला नाही." बंदुकीची दारू तोलताना पारडं श्वासानेही हलायचं. ते हात वर करत, आम्ही श्वास रोखून धरत असू. पारडं थांबतंय असं वाटलं की कुणीतरी फिस्सकन हसायचं, बहुतेक टीराच. मग तोलणं पुन्हा पहिल्यापासून. वरून कॉफीचा वास यायचा. कपात, कॉफीत भिजवून खायचे, चीजचे तुकडे आधीच पडलेले असायचे. आता आम्ही बहुतेक जण कारखान्याचे डबे आणतो. दुकानात उभ्या उभ्या काम होतं.

रविवारी दुपारी येर्कर रायफल घेऊन टीराच्या स्वयंपाकघरात आला. मी कुत्र्याचा पट्टा न्यायला गेलो होतो, तो तिथेच थांबलो.

"कारखान्याची काडतुसं घालून पाहिली," तो म्हणाला. "एक गोळी इकडे, एक तिकडे. बाबांनी पाहिलं असतं तर घरात घेतलं नसतं."

"मग? डबा हवाय?"

"डबा घेऊन तू ये. ठाण्यावर दोघं बसू."

"आणि चाप कोण ओढणार?"

"गाडीत पुढच्या सीटवर कायम कोण बसायचं?"

"मी. तुला मागे उलटी व्हायची तरी."

"मागे बसवायचीस म्हणूनच व्हायची, बये."

टीरा हसली. तिने त्याच्यापुढे कप सरकवला. चापाचा विषय मात्र पुन्हा कुणी काढला नाही.

सिक्स्तेनला कळल्यावर त्याने एवढंच सांगितलं, "रायफल एकच न्या. आणि भांडायचं असेल तर हळू भांडा, जनावर पळेल."

सोमवारी उजाडताना धुकं होतं. दोघं तळ्याकडे जाताना मी पाहिलं. रायफल येर्करच्या खांद्यावर होती, डबा टीराच्या खिशात. आठच्या सुमारास उत्तरेच्या बाजूने कुत्रं भुंकू लागलं. भुंकणं तळ्याकडे सरकलं. मग तिथून एकच बार ऐकू आला.

"कुणी झाडली?" सिक्स्तेनने वायरलेसवर विचारलं. "टीरा? येर्कर?"

त्याने पुन्हा विचारलं. साडेआठपर्यंत ठाण्यावरून उत्तर आलेलं नव्हतं. कुत्र्याचं भुंकणं थांबलं होतं, म्हणजे मूस पडला होता; चाप कुणी ओढला, ते मात्र दोघं सांगत नव्हते.